किल्वाच्या चिकणमातीतील कोकोलिथ : नव्या जीवाश्म प्रजातींच्या वर्णनाचे एक प्रकरण

टांझानियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील किल्वा आणि लिंडी या भागांत 2002 सालापासून झालेल्या उथळ ड्रिलिंगमधून पॅलिओजीन काळातील (सुमारे 6.6 ते 2.3 कोटी वर्षांपूर्वीच्या) सागरी चिकणमातीचे कोअर, म्हणजे दंडगोल नमुने, बाहेर आले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांतून कोकोलिथांच्या, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या चुन्याच्या चकत्यांच्या, कितीतरी नव्या प्रजातींचे वर्णन प्रसिद्ध झाले. सूक्ष्मजीवाश्मांच्या अभ्यासात नवी प्रजाती सापडणे ही तशी अप्रूपाची गोष्ट नव्हे. या प्रकरणाला वेगळे वजन येते ते पुढील कारणाने. येथील काही प्रजातींना वर्णनकर्त्यांनी आजच्या महासागरातील खोल, अंधुक पाण्यात जगणाऱ्या वंशांत (जवळच्या प्रजातींच्या गटांत) स्थान दिले, आणि ज्या वंशांच्या नावावर जुना इतिहास जवळजवळ नव्हताच त्यांची मुळे एकदम पॅलिओजीनपर्यंत जाऊन पोहोचली. असा निर्णय कोणत्या पुराव्यावर घेतला जातो, तो किती भक्कम असतो, आणि वर्णनाच्या ठरलेल्या साच्यात त्यातले काय दिसते व काय झाकलेले राहते, हे या प्रकरणात नीट पाहता येते.

कोकोलिथोफोर ही एकपेशीय सागरी शैवाले आहेत. पेशीभोवती ती कॅल्साइटच्या सूक्ष्म चकत्यांचे कवच रचतात; त्या चकत्या म्हणजे कोकोलिथ. बहुतेक कोकोलिथ 2 ते 10 मायक्रोमीटरच्या दरम्यान असतात. पेशी मेली की कवच विस्कटते आणि चकत्या सुट्या होऊन तळाच्या गाळात मिसळतात, त्यामुळे जीवाश्म अभ्यासकाच्या हाती अखंड जीव क्वचितच लागतो. त्याला चकत्यांवरून जीव ओळखावा लागतो. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एरेनबर्ग यांनी 1836 मध्ये बाल्टिक समुद्रातील र्‍युगेन बेटाच्या खडूत या चकत्या पाहिल्या, पण त्या त्यांना निर्जीव स्फटिकरचना वाटल्या. पुढे 1858 मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हक्सले यांनी अटलांटिकच्या गाळात तशाच चकत्या पाहून त्यांना कोकोलिथ हे नाव दिले. आज जिवंत कोकोलिथोफोरांच्या सुमारे 200 प्रजाती ज्ञात आहेत आणि या गटाचा जीवाश्म इतिहास ट्रायासिक काळाच्या उत्तरार्धापर्यंत मागे जातो.

खडक

किल्वा हे नाव इतिहासाच्या वाचकांना पूर्व आफ्रिकेच्या व्यापारी बंदरामुळे ठाऊक असते. भूवैज्ञानिकांसाठी ते एका खडकसमूहाचे नाव आहे. क्रेटेशियस काळाच्या उत्तरार्धापासून ऑलिगोसीनच्या (पॅलिओजीनचा शेवटचा भाग; त्याच्या लगेच आधीचा तो इओसीन) प्रारंभापर्यंतचा हा किल्वा समूह 2006 मध्ये औपचारिकरीत्या मांडण्यात आला. त्यात खालून वर नंगुरुकुरू, किविंजे, मासोको आणि पांडे असे चार फॉर्मेशन, म्हणजे खडकांचे औपचारिक विभाग, येतात, आणि ही नावे त्याच परिसरातील गावांची व ठिकाणांची आहेत. विसाव्या शतकाच्या मध्याला तेलशोधाच्या निमित्ताने या किनाऱ्याचे सर्वेक्षण झाले होते. ब्लो आणि बॅनर यांनी लिंडी भागातील नमुन्यांवरून प्लवकी फोरामिनिफेरांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या कवचधारी एकपेशीय जीवांच्या) अनेक प्रजाती 1962 मध्ये वर्णिल्या, आणि त्यांतल्या काहींची नावे आजही इओसीन-ऑलिगोसीनच्या अभ्यासात रोज वापरात आहेत. म्हणजे हा प्रदेश नवखा नव्हता. तो पुन्हा उघडला तो टांझानिया ड्रिलिंग प्रोजेक्टने. पॉल पिअर्सन यांच्या पुढाकाराने, टांझानियाच्या पेट्रोलियम विकास महामंडळाच्या सहकार्याने आणि ख्रिस निकोलस, जॉयस सिंगानो, पॉल बाऊन अशा अनेकांच्या सहभागाने तो चालला.

ड्रिलिंग का करावे लागले, हे समजून घेणे आवश्यक आहे. हा प्रदेश उष्ण कटिबंधात आहे, जमिनीवर दाट झाडी आहे आणि उघड्यावरचा खडक पावसाच्या पाण्याने कुजलेला आहे. आम्लधर्मी भूजल कॅल्साइट विरघळवते, आणि त्यात सर्वांत आधी नाहीसे होतात ते सर्वांत लहान कोकोलिथ. ताजा, न कुजलेला खडक हवा असेल तर काही मीटर खाली जाणे भाग पडते. ट्रकवर बसवलेल्या यंत्राने पाडलेली ही छिद्रे महासागरातील ड्रिलिंग जहाजांच्या तुलनेत अगदी माफक होती, तरीही त्यांतून निघालेली चिकणमाती गुणवत्तेत बहुतेक खोल समुद्री कोअरांच्या वरचढ ठरली.

त्याचे कारण चिकणमातीच्या स्वभावात आहे. हा गाळ खंडाच्या उताराकडील बाजूला साचला. त्यात खुल्या समुद्रातील प्लवकांचे अवशेष आहेत, आणि त्यांच्याभोवती जमिनीवरून वाहत आलेली भरपूर माती आहे. मातीच्या चपट्या कणांमुळे खडकातून पाणी झिरपत नाही, हा थर पुढे फार खोल गाडलाही गेला नाही, आणि त्यामुळे कॅल्साइट विरघळून पुन्हा स्फटिकरूपात जमण्याची प्रक्रिया जवळपास थांबून राहिली. येथील फोरामिनिफेरांची कवचे भिंगाखाली काचेसारखी पारदर्शक दिसतात, तर खोल समुद्राच्या खडूमय गाळातील त्याच वयाची कवचे पांढरट आणि धुरकट असतात. याच काचेसारख्या कवचांवरून पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवून दिले की क्रेटेशियसच्या उत्तरार्धात आणि इओसीनमध्ये उष्णकटिबंधीय समुद्र उबदारच होते, आणि आधीच्या मोजमापांत ते थंड भासत होते ते कवचांच्या पुनर्स्फटिकीकरणामुळे. पुराहवामानशास्त्रात या निष्कर्षाला मोठी प्रसिद्धी मिळाली. कोकोलिथांच्या बाबतीत तीच जपणूक अधिक मुकाट्याने काम करत होती.

पाहण्याची पद्धत

कोकोलिथांचा नेहमीचा अभ्यास स्मिअर स्लाइडवर होतो. खडकाचा कणभर चुरा पाण्याच्या थेंबात मिसळून काचेवर पातळ पसरवतात, वाळवतात, वर काच चिकटवतात आणि हजारपट मोठे करून ध्रुवित प्रकाशात पाहतात. कॅल्साइटच्या स्फटिकांची दिशा जशी असेल तसा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा विशिष्ट नमुना दिसतो, आणि सरावलेला अभ्यासक त्या नमुन्यावरूनच वंश ओळखतो. वय ठरवण्यासाठी ही पद्धत अजोड आहे. मार्तिनी यांनी 1971 मध्ये आखलेले पॅलिओजीनचे कालपट्टे जगभरच्या तेल कंपन्यांच्या प्रयोगशाळांत आजही याच पद्धतीने वापरले जातात. पण 2 ते 3 मायक्रोमीटरचा, पातळ आणि ध्रुवित प्रकाशात मंद चमकणारा कोकोलिथ या पद्धतीत धूसर ठिपक्यापलीकडे फारसा दिसत नाही. तो दिसला तरी अभ्यासक त्याला तुकडा समजून पुढे जातो.

किल्वाच्या अभ्यासात बाऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मिअर स्लाइडच्या जोडीला एक सोपी पण निर्णायक गोष्ट केली. कोअरचा लहानसा तुकडा मोडायचा, मोडलेली ताजी बाजू वर ठेवून तो धातूच्या बुंध्यावर (नमुना बसवण्याच्या छोट्या ठोकळ्यावर) चिकटवायचा, त्यावर धातूचा अतिशय पातळ थर द्यायचा आणि न धुता, न चाळता, न गाळता थेट स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पाहायचा. धुण्या-चाळण्यात मोठे आणि टणक कोकोलिथ टिकतात, नाजूक मोडतात आणि लहान पाण्याबरोबर निघून जातात. मोडलेल्या पृष्ठभागावर मात्र गाळ जसा बसला तसा दिसतो: मातीच्या चपट्या कणांच्या थरांत अर्धवट रुतलेली चकती, तिच्या शेजारी कोसळलेल्या पण अजून एकत्र असलेल्या कवचाच्या चकत्यांची रास, आणि मध्येच एखादे पूर्ण गोल कवच. अशी रास मिळाली की दोन भिन्न आकाराच्या चकत्या एकाच पेशीच्या होत्या हे थेट कळते, आणि तो पुरावा स्मिअर स्लाइडवर कधीच मिळत नाही. माझ्या मते या प्रकरणातील खरा शोध येथे, नमुना कसा हाताळायचा या निर्णयात होता, आणि पुढची नामावली त्याच्या मागून आली. किल्वा समूहाला सूक्ष्मजीवाश्मांच्या असामान्य जपणुकीचे स्थळ म्हणून 2008 मध्ये मांडले गेले, तेव्हाही युक्तिवादाचा कणा हाच होता.

वर्णनाचा साचा

बाऊन यांचा सविस्तर शोधनिबंध 2005 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि टॉम डंकली जोन्स यांच्यासह ड्रिलिंगच्या 11 ते 14 क्रमांकाच्या स्थळांवरील नव्या प्रजातींचा लेख 2006 मध्ये आला. दोन्हींत प्रत्येक नव्या प्रजातीची नोंद एकाच साच्यात आहे, आणि तो साचा या शाखेत सर्वत्र चालतो. प्रथम नाव आणि त्याची व्युत्पत्ती येते. मग लक्षणे येतात, म्हणजे चकतीचा बाह्याकार, कडेची वलये, मधल्या पोकळीतील पूल किंवा जाळी, स्फटिकांची मांडणी. त्यानंतर जवळच्या प्रजातींहून ही कशी वेगळी ते सांगितले जाते. शेवटी मापे, होलोटाइप (ज्या एका नमुन्याला नाव कायमचे जोडलेले असते तो), पॅराटाइप (त्याच्या जोडीने नोंदलेले इतर नमुने), मूळ स्थळ, मूळ पातळी म्हणजे कोणत्या कोअरच्या कोणत्या खोलीतील कोणता नमुना, आणि आढळ असा क्रम असतो. एक संपूर्ण नोंद छापील अर्ध्या पानात मावते. वाचकाला ती रूक्ष वाटेल, पण तीतील प्रत्येक ओळीमागे नियम आहे.

कोकोलिथोफोर शैवाल असल्यामुळे त्यांची नावे शैवाल, कवके आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेखाली येतात. त्याच चिकणमातीतील फोरामिनिफेरा मात्र प्राण्यांच्या नामकरण संहितेखाली येतात. एकाच चमचाभर मातीतून दोन अभ्यासक दोन नव्या प्रजाती काढतात आणि दोन वेगळ्या कायद्यांनुसार त्यांना नावे देतात. याच प्रकल्पाच्या फोरामिनिफेरांपैकी हॅन्टकेनिना वंशातील एका प्रजातीचे नाव जॉयस सिंगानो यांच्यावरून ठेवलेले आहे. कोकोलिथांत सायराकोस्फेरा टांझानेन्सिस आणि किल्वालिथस ही नावे देशाची व गावाची आठवण ठेवतात.

वनस्पती संहितेप्रमाणे 1912 पासून जीवाश्म प्रजातीच्या नावाला चित्र असणे बंधनकारक आहे. 1996 पासून वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत असावे लागते. 2001 पासून चित्रांपैकी किमान एक होलोटाइपचे आहे असे स्पष्ट सांगावे लागते. येथे एक विसंगती उभी राहते. आजच्या समुद्रातील जिवंत सूक्ष्म शैवालाचा नमुना टिकवणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य असेल तर त्याच्या नावाचा आधार म्हणून प्रसिद्ध झालेले चित्र चालते, पण जीवाश्माला ही सवलत नाही. त्याचा होलोटाइप प्रत्यक्ष वस्तूच असावी लागते. म्हणजे एकाच वंशातल्या दोन प्रजाती असल्या, एक आज जगणारी आणि दुसरी इओसीनमधली, तर पहिलीसाठी छायाचित्र पुरते आणि दुसरीसाठी 3 मायक्रोमीटरची चकती जपून ठेवावी लागते. ती चकती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या बुंध्यावर, मातीच्या लक्षावधी कणांत, धातूच्या थराखाली बसलेली असते, आणि काही वर्षांनी दुसऱ्या कोणी ती शोधून काढणे व्यवहारात जवळपास अशक्य असते. अभ्यासक प्रत्यक्षात पाहतात ते छापलेले चित्रच. संहितेचा हेतू रास्त आहे, कारण वस्तू असली तर उद्या नव्या तंत्राने ती पुन्हा तपासता येईल. पण कोकोलिथांपुरते बोलायचे तर नियम पाळला जातो आणि काम चित्रावर चालते, हे मान्य करायला हरकत नसावी. म्हणून चित्राची गुणवत्ता, मोजपट्टी आणि चकतीचा कोन यांना या शाखेत जे महत्त्व आहे ते बाहेरच्याला अवाजवी वाटू शकते.

वंशाचा निर्णय

सर्वांत कठीण भाग प्रजातीचा नव्हे, वंशाचा होता. आजच्या उष्णकटिबंधीय महासागरात पृष्ठभागापासून साधारण 100 मीटरच्या खाली, जेथे पृष्ठभागावरील प्रकाशाचा जेमतेम शतांश पोहोचतो, तेथे कोकोलिथोफोरांचा एक स्वतंत्र समुदाय राहतो. फ्लोरिस्फेरा प्रोफुंडा ही त्यातली सर्वांत विपुल प्रजाती 1973 मध्ये वर्णिली गेली आणि तिच्या टिकाऊ फलकांमुळे तिची जीवाश्म नोंदही चांगली आहे; हिंदी महासागरातील गाळात तिच्या प्रमाणावरून पोषकद्रव्यांच्या थराची खोली अजमावली जाते. ग्लॅडिओलिथस, अल्जिरोस्फेरा आणि सोलिस्फेरा हे तिचे शेजारी मात्र नाजूक आहेत. अलीकडच्या गाळातही त्यांच्या चकत्या मोजक्याच सापडतात. त्यामुळे हा समुदाय, किंवा त्याचा बराचसा भाग, भूवैज्ञानिक अर्थाने अलीकडचा आहे असे समजण्याला वाव होता.

किल्वाच्या मोडलेल्या पृष्ठभागांवर या तिन्ही वंशांशी जुळणाऱ्या चकत्या दिसल्या. बाऊन, डंकली जोन्स, जेरेमी यंग आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये हा विषय स्वतंत्र लेखात मांडला: आज जगणाऱ्या, खालच्या प्रकाशस्तरातील शैवालांची पॅलिओजीनमधील नोंद. त्यांनी या चकत्यांना नवे, नामशेष वंश दिले नाहीत. आजच्या वंशांतच नव्या प्रजाती केल्या.

या निर्णयाची तपासणी तिन्ही वंशांसाठी वेगवेगळी करावी लागते, कारण प्रत्येकाचा आधार वेगळा आहे. अल्जिरोस्फेराची चकती आतून पोकळ, फुगीर टोपीसारखी असते आणि हा वंश ऱ्हॅब्डोस्फेरेसी कुळात मोडतो. याच कुळातील ब्लॅकाइट्स हा वंश इओसीनमध्ये भरभराटीला होता आणि किल्वाच्या नमुन्यांतही तो विपुल आहे. म्हणजे कूळ तेव्हा होते, त्याच्या शाखा फुटत होत्या, आणि त्यातील एक फुगीर टोपीची शाखा तेव्हाच वेगळी झाली असे म्हणणे सहज पटते. सोलिस्फेराची कथा निराळी आहे. हा जिवंत वंशच बोलमन आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रथम वर्णिला. त्याआधी हीच जीवाश्म चकती हाताशी आली असती तर तिला ठेवायला जागाच नव्हती. ती एखाद्या अनिश्चित गटात गेली असती किंवा तिच्यासाठी नवा जीवाश्म वंश काढावा लागला असता आणि मग तीन-चार वर्षांत तो रद्द करण्याची वेळ आली असती. जिवंत प्लवकांचा अभ्यास आणि जीवाश्मांचा अभ्यास एकाच पिढीत, अनेकदा एकाच माणसाच्या हातून झाला म्हणून हा मेळ बसला. यंग यांची हयात दोन्ही बाजूंच्या कामात गेली आहे, आणि 2009 च्या लेखात त्यांचे नाव असणे हा योगायोग नव्हे.

ग्लॅडिओलिथसचा आधार सर्वांत पातळ आहे. जिवंत ग्लॅडिओलिथसच्या एका पेशीवर दोन प्रकारच्या चकत्या असतात, लांब नळीसारख्या आणि सपाट खवल्यांसारख्या. पण या वंशाचे कूळ निश्चित नाही. इतर कोकोलिथोफोरांशी त्याचे नाते चकत्यांच्या रचनेवरून स्पष्ट होत नाही. त्यामुळे येथे अल्जिरोस्फेरासारखी कुळाची साक्ष मिळत नाही आणि सगळा भार आकारसाम्यावर पडतो. नळीसारखा आकार दोन वेगळ्या वंशावळींत स्वतंत्रपणे निर्माण होणे अशक्य नाही. वर्णनकर्त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येते की साम्य केवळ बाह्याकारात नसून स्फटिकफलकांच्या जोडणीतही आहे, आणि अशा रचनेचा दुसरा ज्ञात वंश नाही. मला हा निर्णय योग्य वाटतो, पण अल्जिरोस्फेराच्या निर्णयाइतका भक्कम वाटत नाही. अडचण अशी की नामावलीत दोघांचे रूप सारखेच दिसते. ‘अल्जिरोस्फेरा’ आणि ‘ग्लॅडिओलिथस’ या दोन नावांपुढे लिहिलेली जीवाश्म प्रजाती वाचकाला सारख्याच खात्रीची भासते, आणि प्रजातींच्या आयुर्मानाचे आलेख काढणाराही दोन्ही पट्ट्या सारख्याच जाडीने रंगवतो.

दुसरी अडचण मधल्या रिकाम्या काळाची. किल्वाचा क्रम ऑलिगोसीनच्या प्रारंभाशी संपतो, आणि तेथून अलीकडच्या गाळापर्यंतच्या तीन कोटी वर्षांहून अधिक काळात या वंशांची नोंद जवळजवळ कोरी आहे. वर्णनकर्त्यांच्या मते ही पोकळी जपणुकीची आहे. जीव होते, चकत्या उरल्या नाहीत. किल्वानेच या स्पष्टीकरणाला बळ दिले आहे, कारण त्याच काळातील इतरत्रच्या खडूमय गाळातही या चकत्या दिसत नाहीत, मग तेथे तो समुद्र या शैवालांवाचून होता असे कोणी म्हणणार नाही. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर मुंबईच्या समुद्रातील तेलक्षेत्रांत वसई फॉर्मेशन म्हणून ओळखला जाणारा चुनखडक इओसीनचाच आहे. तो उथळ मंचावर साचलेला, मोठ्या फोरामिनिफेरांनी भरलेला आणि पुढे सिमेंटीकरणातून गेलेला आहे. खालच्या प्रकाशस्तरातील 3 मायक्रोमीटरच्या चकतीचा शोध अशा खडकात घेणे व्यर्थ आहे, आणि तेथे ती न सापडणे हा कशाचाच पुरावा होत नाही.

प्रजाती किती, हा प्रश्न

किल्वाच्या नव्या प्रजातींची संख्या मोठी आहे, पण त्या संख्येचा अर्थ जपून लावावा लागतो. त्यांतील बऱ्याच होलोकोकोलिथ आहेत, म्हणजे साधारण 0.1 मायक्रोमीटरच्या एकसारख्या स्फटिककणांनी बनलेल्या चकत्या. हे कण सहज सुटतात, त्यामुळे होलोकोकोलिथांची जीवाश्म नोंद एरवी अगदी तुटपुंजी असते. किल्वालिथस हा वंश याच प्रकारातला. प्लिमथ येथे पार्क आणि ॲडम्स यांनी 1960 मध्ये दाखवले होते की क्रिस्टॅलोलिथस हायालिनस हे होलोकोकोलिथधारी शैवाल आणि कोकोलिथस पेलॅजिकस हे नेहमीच्या चकत्यांचे शैवाल एकाच जीवनचक्राचे दोन टप्पे आहेत. पुढे अशी अनेक जोड्यांची ओळख पटली आणि जिवंत प्रजातींत दोन नावांपैकी एक नाव मागे घेण्यात आले.

इओसीनच्या बाबतीत ही जोडी लावण्याचा मार्ग जवळपास नाही. दोन्ही टप्प्यांच्या चकत्या एकाच वेळी सोबत असलेली कवचे जिवंत प्लवकांतही दुर्मीळ आहेत. त्यामुळे वर्णनकर्त्याला होलोकोकोलिथाला स्वतंत्र प्रजातीचे नाव देण्यावाचून गत्यंतर नसते, आणि तो ते नाव हे ठाऊक असूनच देतो की कदाचित हा जीव त्याच यादीत दुसऱ्या नावाने आधीच नोंदला गेला आहे. येथे चूक कोणाचीही नाही. मात्र विविधतेचे आलेख काढताना होलोकोकोलिथ वेगळे मोजले नाहीत तर किल्वासारख्या स्थळाच्या काळात विविधता एकदम वाढल्यासारखी दिसेल, आणि त्या उंचवट्यामागे उत्क्रांती, उत्तम जपणूक आणि दुहेरी नोंद अशी तीन कारणे एकमेकांत मिसळलेली असतील.

वर्णनाच्या साच्यात जपणुकीच्या दर्जासाठी वेगळा रकाना नाही, ही मला या प्रकरणातली सर्वांत मोठी उणीव वाटते. मूळ स्थळ आणि मूळ पातळी लिहिली जाते, त्यामुळे जाणकाराला टांझानिया हा शब्द दिसताच अंदाज येतो. पण वीस-तीस वर्षांनी केवळ माहितीकोशातून नावे आणि कालावधी उचलणाऱ्या संशोधकाला ही प्रजाती एकाच प्रकारच्या खडकात, एकाच पद्धतीने पाहिल्यावर दिसली आहे, हे नोंदीतूनच कळले पाहिजे. मोडलेल्या पृष्ठभागावर पाहिले की स्मिअर स्लाइडवर, एकटी चकती मिळाली की रास, आणि शेजारच्या फोरामिनिफेरांची कवचे पारदर्शक होती की धुरकट, एवढ्या तीन गोष्टी लिहायला दोन ओळी पुरतात. त्यांनी नावाचे कायदेशीर स्थान बदलणार नाही, पण नावाच्या मागे उभ्या असलेल्या दाव्याची ताकद वाचकाला जोखता येईल.

ग्लॅडिओलिथसच्या वंशनिर्णयाला पक्के करणारा किंवा उलथवणारा पुरावा कोणता असेल, हेही या प्रकरणातून स्पष्ट होते. नळ्या आणि खवले दोन्ही असलेले एक कोसळलेले पण विखुरले न गेलेले इओसीन कवच मिळाले, तर आकारसाम्याचा आक्षेप बहुतांशी निकालात निघेल. केवळ नळ्यांचे, खवल्यांविना, असे पूर्ण कवच मिळाले तर वेगळ्या वंशाचा विचार करावा लागेल. ऑलिगोसीन आणि मायोसीनची पोकळी भरण्यासाठी चुनखडक आणि खडूमय गाळ उपयोगाचे नाहीत. खंडाच्या उतारावरची, झिरपा नसलेली आणि फार न गाडली गेलेली चिकणमाती शोधावी लागेल, तिचा कोअर कुजक्या थराच्या खालून काढावा लागेल, आणि त्याचा तुकडा धुण्यापूर्वी मोडून पाहावा लागेल.